एकतीस गिऱ्हाइकांचे जाहीर आभार

एल्मबर्ग, मॅनिटोबा
२९ ऑक्टोबर

आदरणीय आगाथा आत्या,

तुझ्या धाकट्या भावाचा थोरला मुलगा डेलबर्ट याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे अगदी शब्दशः वाकून. काल लॉइड बेकस्ट्रॉमच्या तळघरात शिरताना कंबर धरली, ती अजून सोडायला तयार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? नवा बसवला की जुन्यावरच भागवतेयस? तुमच्याकडे केलोनाला म्हणे अजून बागेत टोमॅटो आहेत. इथे सकाळी शेतं पांढरी दिसायला लागली, कापणी उरकली, आणि कापणी उरकली की शेतातले उंदीर माणसांच्या घरात राहायला येतात हे तुला सांगायला नकोच. नेल्डा बरी आहे. ती नवऱ्याशी बोलते, पण फक्त जेवणाच्या वेळा सांगण्यापुरती.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नाही. मला सध्या काहीही लिहायची धास्ती बसली आहे. लिहिलेलं लोक वाचतात, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तू विचारलंस की तुझा नातू कर्टिस छपरांच्या पन्हळी साफ करायचा धंदा काढतोय, शिडी घेऊन झाली, आता गावच्या पेपरात जाहिरात द्यावी का, असल्या लहानशा धंद्याला तिचा काही उपयोग होतो का, आणि 'तू सहा वर्षं देतोयस, तुला ठाऊक असेल.' आत्या, मला ठाऊक आहे. आज एल्मबर्गमध्ये ही गोष्ट माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. पण ती सांगायची तर सगळंच सांगावं लागेल आणि ते मान खाली घालूनच सांगावं लागेल. लहानपणी तू माझे कान हक्काने पिळलेस. ते दोन्ही या पाकिटातून पुन्हा तुझ्याकडे पाठवतोय असं समज.

तुला आठवत असेल, सासऱ्यांनी, म्हणजे आयझॅक टेव्स यांनी, गुडघे गेल्यावर आपला धंदा माझ्या हवाली केला. उंदीर, ढेकूण, झुरळं आणि उन्हाळ्यात गांधीलमाश्या. धंदा म्हणजे एक राखाडी व्हॅन, एक फवारणीचा पंप आणि एक नियम. नियम असा की तोंड उघडायचं नाही. व्हॅनवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. ती गिऱ्हाइकाच्या दारात कधी उभी करायची नाही, दोन घरं सोडून लावायची, आणि जमल्यास गिऱ्हाइकाचं ज्याच्याशी पटत नाही त्याच्या दारात लावायची. पंप अकॉर्डियनच्या पेटीत घालून न्यायचा. बावीस वर्षं सासरे ती पेटी घेऊन घरोघर जात होते आणि निम्म्या गावाची समजूत होती की ते अकॉर्डियन शिकवतात. (इतक्या घरांतून शिकवणी, आणि गावात एकालाही एक गाणं धड वाजवता येऊ नये, याचं कोणाला नवल वाटलं नाही. वाटलं असेल तरी बोलणार कोण? ज्याच्याकडे पेटी येऊन गेली नाही असं घरच नव्हतं.)

पेपरात सासऱ्यांची जाहिरात होती ती मी तशीच चालू ठेवली. 'उंदीर, ढेकूण, झुरळे. आयझॅक टेव्स.' खाली फोन नंबर. काडेपेटीएवढी चौकट, शवपेट्यांच्या जाहिरातीच्या शेजारी. सहा वर्षांत ती वाचून एकही फोन आला नाही. जे फोन येत ते सासऱ्यांच्या वेळेपासून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नंबर लिहून ठेवलेल्या घरांतून येत. तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की पेपर कोणी वाचत नाही. चूल पेटवायला, ओले बूट भरायला आणि तळघरात बीट गुंडाळून ठेवायला लोक तो घेतात. हे मत मी मनातच ठेवलं असतं तर आज सुखात असतो. मी ते वॅन्डा होलोवाटीला सांगितलं. तीच आपल्या 'एल्मबर्ग मेसेंजर'ची मालक, संपादक, जाहिरातवाली आणि बर्फ पडला की दारापुढचं फावडंवाली.

सप्टेंबरअखेर ती नेहमीसारखी जाहिरात नव्याने घ्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "वॅन्डा, बंद कर ती. कोणी वाचत नाही." तिला राग आला नाही. तिने माझी चौकट उघडून समोर धरली आणि म्हणाली, "कशी वाचतील रे? हीत माणूस कुठेय? नुसते उंदीर. लोक पेपर घेतात तो नावं वाचायला. कोणाचं लग्न, कोणाचं पित्ताशय, कोणाकडे जावई जेवायला आला. तू नावं घाल, मग बघ वाचतात की नाही." एवढं बोलून ती कॉफी संपवून निघून गेली. धंद्यातला सल्ला म्हणून तो लाखमोलाचा होता. दोष सल्ल्याचा नाही, तो ज्याच्या डोक्यात शिरला त्या डोक्याचा आहे.

आता ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या अंकात आपल्याकडे आभारांचं पान असतं, ते तुला माहीतच आहे. तू स्वतः कितीदा त्यात लिहिलंयस. पित्ताशय काढलं तर डॉक्टर-नर्सचे, कोठार जळलं तर पाणी घेऊन धावलेल्या शेजाऱ्यांचे, घरातलं माणूस गेलं तर खांदा देणाऱ्या सहा जणांचे आणि सँडविच आणणाऱ्या बायकांचे, एकेकाचं नाव घेऊन, कोणी काय केलं ते सांगून आभार मानायचे ही आपली रीत. एखादं नाव राहिलं तर पुढच्या अंकात राहिलेल्या नावाचे निराळे आभार. मी विचार केला, सहा वर्षं या लोकांनी आपल्याला पोसलं आणि आपण कधी जाहीर दोन शब्द बोललो नाही. नावंही होतील आणि रीतही पाळली जाईल. आत्या, शपथेवर सांगतो, मला स्वतःबद्दल भरून आलं. मी टेबलाशी बसून यंदाच्या एकतीस गिऱ्हाइकांची नावं काढली आणि रीतीप्रमाणे प्रत्येकापुढे कारण लिहिलं.

लिहून झाल्यावर नेल्डाला वाचूनही दाखवलं. ती बीट उकळून बरण्यांत भरत होती, कुकरची शिट्टी चालू होती, ती 'हं' म्हणाली. (आता ती म्हणते की ते 'हं' बरणीला होतं.) मग मी कागद वॅन्डाच्या दाराच्या फटीतून आत सरकवला. तिने तो वाचलाच नाही. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आभार मी कधी वाचत नाही, डेलबर्ट. चाळीसच्या चाळीस सारखेच असतात. आभारांत कोणी कोणाचं वाटोळं करील असं मला तीस वर्षांत वाटलं नव्हतं." त्या चाळिसांत तिने माझा कागद मधोमध घेतला, मोठ्या अक्षरांत, भोवती मक्याच्या कणसांची नक्षी काढून. जुना जाहिरातदार म्हणून नक्षी तिने आपणहून दिली होती.

पान सात. मासला देतो. 'पाद्री वेल्डन व कुटुंब: अभ्यासिकेतील झुरळे. देवाची कृपा असो.' 'श्री. लॉइड बेकस्ट्रॉम, माजी महापौर: ढेकूण, दोनदा.' 'श्रीमती सुसाना क्रान: मैद्याच्या डब्यांमागील उंदीर, अकरा. इतक्या वर्षांच्या विश्वासाबद्दल ऋणी आहोत.' अशी एकतीस, आणि शेवटी 'आपल्यासारख्यांमुळेच आमचा धंदा आहे.' हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी पोस्टात गेलो. पेपर त्याच वेळी पेट्यांत पडतात आणि सगळं गाव तिथेच उभ्याने वाचतं, हे मी सहा वर्षांत पाहिलंच नव्हतं, कारण माझं टपाल नेल्डा आणते. दार उघडलं तर आत पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाच्या हातात पान सात. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? वॅन्डा खरं बोलली, वाचतात की. मी हॅट काढून सगळ्यांना सुप्रभात म्हटलं. पाद्रीबाईंनी पेपराची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली, मग तिची आणखी एक घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि निघून गेल्या. लॉइड बेकस्ट्रॉम माझ्याजवळ आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "डेलबर्ट, 'दोनदा' लिहायची काय गरज होती? एकदा लिहिलं असतंस तरी मला पोचले असते तुझे आभार." आणि कोपऱ्यातून म्हातारी पॉल्सबाई तणतणली की यंदा तिच्याकडेही उंदीर झाले होते, ते तिने मांजर आणून स्वतः निस्तरले, तर स्वच्छ राहणाऱ्या माणसाचं नाव या गावात कोणी छापत नाही. एवढ्या बोलण्यानंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी टपाल न घेताच बाहेर आलो आणि व्हॅनमध्ये बसून राहिलो. व्हॅन नेमकी पाद्रीबाईंच्या दारात लावली होती.

आता सुसानाचं सांगतो. खरं पत्र तिचंच आहे, बाकी सगळा पाल्हाळ. तुझी सुसाना, आत्या. चर्चच्या जेवणाला गोडाच्या, म्हणजे पायच्या, टेबलामागे तुम्ही दोघी एकोणीस वर्षं उभ्या राहिलात, तू कॉफी ओतायचीस आणि ती कापून द्यायची. तिचे आठ ॲपल पाय पहिल्या पंगतीतच संपतात आणि दुसऱ्या पंगतीचे लोक आधी फोन करून तुकडा बाजूला ठेवायला सांगतात, हे शेजारच्या तीन गावांना माहीत आहे. तिचा नवरा पीटर गेल्यापासून तिच्या घरी फारसं कोणी जात-येत नाही. वर्षातून दोनदा, एकदा चर्चच्या जेवणाला आणि एकदा सभागृहाच्या, माणसं तिचं नाव घेऊन तिच्यापुढे रांग लावतात. आणि तिचं स्वयंपाकघर मी आतून, खालून, फळ्यांच्या फटींत बॅटरी घालून पाहिलेलं आहे. या गावात त्याच्याइतकं स्वच्छ स्वयंपाकघर नाही, माझ्या घरचं धरून. उंदीर मागच्या ओसरीत निघाले होते. तिथे ती मैद्याचे जादा डबे ठेवते, पत्र्याचे, घट्ट झाकणाचे. तिथून शेत वीस पावलांवर आहे, उंदीर येणारच. मी 'ओसरी' लिहिलं नाही. 'मैद्याच्या डब्यांमागील' हे मला जास्त नीटस वाटलं.

मी त्याच दुपारी तिच्याकडे जायला हवं होतं. गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस जे करतो तेच मी केलं, म्हणजे आणखी एक चूक. पुढच्या अंकात मी खुलासा दिला. तोही वॅन्डाने छापला. (या वेळी तिने वाचला होता. म्हणाली, "नको देऊस, डेलबर्ट. विझत आलंय, फुंकू नकोस." मी म्हटलं, सत्य लोकांपुढे गेलं पाहिजे. ती म्हणाली, "बरं, तुझं सत्य, तुझी चौकट.") खुलासा असा: 'श्रीमती सुसाना क्रान यांच्याकडील उंदीर मैद्यात नसून मैद्यामागे होते. सध्या नाहीत. अकरा हा आकडा दोन वर्षांचा मिळून आहे. त्यांच्या पायबद्दल कोणीही शंका बाळगू नये.' आत्या, तोवर कोणाच्याही मनात पायचा विचार आला नव्हता. गाव आपापल्या झुरळांच्या लाजेत गर्क होतं, पायची आठवण मी करून दिली. ज्यांनी पहिला अंक बीट गुंडाळायला वापरला होता त्यांनी तो बिटांवरून सोडवून इस्त्रीसारखा हाताने सपाट करून वाचला. वॅन्डाकडे उरलेल्या प्रती संपल्या. तिच्या हयातीत पहिल्यांदाच मागचा अंक मागायला लोक आले.

मग गेल्या रविवारी चर्चचं जेवण झालं. तळघरात तीच लांब टेबलं, टर्की, भरलेले कोबीचे रोल, हिरव्या जेलीत गाजर. मी गेलो तेव्हा कोणी मारलं नाही, हसूनच बोलले, आणि ते ऐकून घ्यायला जास्त धीर लागला. "ये, डेलबर्ट, इथे बस, माझ्या पायाशी काहीतरी वळवळतंय." "अरे, त्याला जेली वाढा, पण नाव सांगू नका, छापेल." लॉइडने तर उभं राहून मला शेजारी जागा करून दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आता लपवायचं काही उरलंच नाही, तर माणसाने आपल्या वैद्यापाशीच बसावं. लोक हसले, मीही हसलो. हसताना माझी नजर पायच्या टेबलाकडे गेली.

सुसाना नेहमीच्या जागी उभी होती. निळा एप्रन, हातात सुरी. समोर आठ ॲपल पाय, कडा चिमटून घातलेल्या, वर दालचिनी. तिच्या डावीकडे मार्था रेम्पेलचे पंपकिन पाय. रांग आली ती तिच्यासमोरून गेली. कोणी वाईट बोललं नाही, आपली माणसं बोलत नाहीत. "यंदा पोट फार भरलं गं, सुसाना." "डॉक्टरने सफरचंद बंद केलंय." "आधी पंपकिन चाखतो, मग येतोच परत." परत कोणी आलं नाही. ती प्रत्येकाला म्हणत होती, "असू दे, असू दे, पुढच्या वेळी." तिने पहिला पाय आठ सारखे तुकडे करून मांडून ठेवला होता. दोन्ही पंगती उठल्या तेव्हा त्यातला एक गेला होता, तो मी घेतला. सात तसेच राहिले. बाकीच्या सात पायना तर सुरीच लागली नाही. ते तिने कपड्यांच्या टोपलीत ठेवले, वर पंचा टाकला आणि कोणी मदतीला यायच्या आत जिन्याने वर गेली. दुसऱ्या दिवशी नेल्डाला म्हणाली की सोळा नोव्हेंबरला सभागृहात जेवण आहे, आइस रिंकच्या छपराला पैसे जमवायला, त्याला मात्र यंदा काही करणार नाही. मनगटं दुखतात म्हणाली. तिची मनगटं चांगली आहेत, आत्या. सकाळी तिला लाकडं फोडताना मी स्वतः पाहिलं.

तेव्हा कर्टिसला काय सांगायचं? सांग, जाहिरात चालते. त्याला विश्वास बसावा म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त कसंतरी होतं. माझा धंदा वाढला आहे. पान सात छापून आल्यापासून फोन थांबत नाही. प्रत्येक घराला आजवर वाटत होतं की आपल्याच घरात आहेत. पाद्र्याकडे आहेत, महापौराकडे दोनदा होते, हे वाचल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडला. पूर्वी कुजबुजत बोलवायचे, आता मोठ्याने बोलवतात. पॉल्सबाईसुद्धा काल म्हणाली, "मांजर म्हातारं झालंय, ये, आणि छापायचं असेल तर छाप." लॉइडकडे मी काल गेलो तो तिसऱ्यांदा. सगळं गाव मोकळं झालं आणि त्या मोकळेपणाची शिक्षा एकट्या सुसानाला झाली, कारण बाकीच्यांच्या घरातलं काही कोणाला खायचं नसतं. पन्हळीच्या धंद्यात हा धोका नाही. तरीसुद्धा कर्टिसला म्हणावं, चौकट लहान घे, आणि तीत स्वतःचं सोडून दुसऱ्या कोणाचं नाव घालू नकोस.

घरच्या सगळ्यांना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक दे. थंडीत दगडी पायऱ्यांवरून उतरू नकोस. कळावे, लोभ होता तेवढा राहू द्यावास.

तुझा भाचा,
डेलबर्ट फ्रीझन

ता. क. वॅन्डा टपालखर्च वाचवायला बाहेरच्या प्रांतांतले अंक महिनाभर साठवून एका पुडक्यात पाठवते. ऑक्टोबरचं पुडकं तुला येत्या आठवड्यात मिळेल. ते आल्या आल्या चुलीत घाल. वाचायचंच असेल तर पान सात सोडून वाच. त्या यादीत तिसावं नाव 'आगाथा आत्या, सध्या केलोना' असं आहे. पुढे काय आहे ते मी इथे लिहीत नाही, पण गादीचाही उल्लेख आहे. तू मार्चमध्ये केलोनाला राहायला जाण्याआधी मी येऊन गेलो होतो ते तुला आठवत असेल. ते आभार अगदी मनापासून होते.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. सुसानाला फोन कर. सोळा तारखेच्या जेवणाला तिने पाय करावेत म्हणून तिला सांग. तुझं ती ऐकेल. मनगटांचं म्हणाली तर दमात घे. नेल्डा गेली तर ती कॉफी पाजून परत पाठवते. वॅन्डा गेली तर दारच उघडत नाही. मी जाऊ शकत नाही.

ता. क. तिसरा. मी का जाऊ शकत नाही ते लिहिणार नव्हतो. पाकीट बंद केलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं आहे. वर लिहिलंय की एक तुकडा गेला तो मी घेतला. ते खोटं आहे. तो विनिपेगहून वाट चुकून जेवायला आलेल्या एका ट्रकवाल्याने घेतला, त्याच्याकडे आपला पेपर येत नाही. माझी पाळी आली तेव्हा रांगेत माझ्यामागे सगळं गाव होतं आणि सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी घेतला असता तर मागच्यांनीही घेतला असता. तिच्या ओसरीची खात्री माझ्याइतकी कोणाला होती? मी ताटली पुढे केली, आणि आत्या, माझा हात थांबला. शंका नव्हती, खरंच नव्हती. सगळे बघत होते एवढंच. सुसानाने ते पाहिलं. तिने सुरी खाली ठेवली, मार्थाच्या पायची ताटली उचलून माझ्यापुढे धरली आणि मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पंपकिन घे रे, डेलबर्ट, तुला तोच आवडतो ना." मला पंपकिन आवडत नाही, हे तिला मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून माहीत आहे. मी तो घेतला, तिचे आभार मानले आणि जागेवर जाऊन सगळा संपवला. फोन कर.